ट्रेडला काय म्हणावं? बदली, अदलाबदल की साटंलोटं?

फेब्रुवारी २०२५ मधल्या त्या रात्रीवर लिहायला बसलो होतो. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये डॅलस मॅव्हरिक्सनी २५ वर्षांचा लुका डॉन्चिच लॉस एंजेलिस लेकर्सना दिला आणि अँथनी डेव्हिस घेतला. शीर्षकालाच अडलो. ‘ट्रेड’ला शब्द काय? ‘व्यापार’ लिहिलं तर गलबत बंदराला लागल्यासारखं वाटतं. ‘हस्तांतरण’ म्हणजे जमिनीचे कागद. ‘सौदा’ कानाला बरा, पण त्यात पैसा डोकावतो आणि इथे तर माणसाच्या बदल्यात माणूस. ‘रोस्टर’ (संघातल्या खेळाडूंची यादी) आणि पोझिशनांची नावं हा पुढचा घोळ. सुचवा.

—

सरळ ‘बदली’ लिहा. बदलीची ऑर्डर निघाली की बाडबिस्तरा उचलायचा आणि रुजू व्हायचं. एनबीएत तेच चालतं. ट्रेडला नकार द्यायचा हक्क करारात लिहून घेतलेले खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. डॉन्चिचने आठच महिन्यांपूर्वी संघाला अंतिम फेरीत नेलं होतं, तरी झालीच की बदली.

—

भावना पटली, शब्द नाही. ‘बदली खेळाडू’ हे नाव आपण बाकावरून आत येणाऱ्याला देऊन बसलोय. ‘डॉन्चिचची बदली’ वाचून निम्म्यांना वाटेल, लुकाला धाप लागली म्हणून बाहेर काढला. शिवाय बदलीत मालक तोच राहतो, गाव बदलतं. इथे मालकच बदलतो.

—

साटंलोटं! या घरची मुलगी त्या घरात, त्या घरची या घरात, आणि दोघींना कोणी विचारायचं नाही. याहून नेमका शब्द दाखवा.

—

नेमका होता. आता ‘साटंलोटं’ म्हटलं की पुढारी आणि कंत्राटदारच डोळ्यांसमोर येतात. लेकर्सचं साटंलोटं लिहाल तर वाचक चौकशी समितीची वाट बघत बसेल. (त्या रात्री तसा संशय घेणारेही होते म्हणा.) आणि हिशेब जुळायला नको? २००७ मध्ये केव्हिन गार्नेट बॉस्टनला गेला, तेव्हा बदल्यात मिनेसोटाला पाच खेळाडू आणि ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या वार्षिक कार्यक्रमाच्या, पहिल्या फेरीतल्या दोन निवडी मिळाल्या. हे कसलं साटंलोटं, अख्खं वऱ्हाडच रवाना झालं. डॉन्चिचच्या वेळी तर युटा जॅझ हे तिसरं घरही होतं.

—

‘निवडी’ लिहिलंत ते बरं केलंत. एरवी सगळे ‘पिक’ म्हणतात आणि घाईत त्याचं ‘पीक’ होतं. मला ते मनापासून आवडतं. लेकर्सनी २०२९ चं पीक २०२५ मध्येच दुसऱ्याच्या नावावर केलं. न पेरलेलं पीक विकणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

—

रोस्टरसाठी ‘पट’. शाळेचा पट असतो तसा. पूर्ण कराराचे १५ आणि दुहेरी करारावरचे (मुख्य संघ आणि त्याचा विकास संघ, दोन्हींकडून खेळणारे) तीन, एवढे पटावर. ‘पटावर आहे पण मैदानात दिसत नाही’ हे वाक्य किती सहज येतं बघा. ‘ताफा’, ‘चमू’ चालतील, पण ताफ्याला संख्येचं बंधन नसतं. पटावर पूर्ण कराराचा सोळावा घ्यायचा तर एकाचं नाव कापावं लागतं.

—

पोझिशनांचं भाषांतर कृपया नको. ‘स्मॉल फॉरवर्ड’चा ‘छोटा आघाडीपटू’ केलेला वाचलाय मी. सहा फूट नऊ इंचांचा लेब्रॉन जेम्स, म्हणे छोटा! ‘गार्ड’चा रक्षकही नको. कबड्डीतला मध्यरक्षक खरोखर रक्षण करतो, कोपरारक्षक कोपऱ्यात उभा असतो. नाव आणि काम जुळतं. बास्केटबॉलचा गार्ड कधीकाळी मागे थांबून आपली टोपली राखायचा, ते काम केव्हाच गेलं. आता चेंडू पुढे नेणाराच गार्ड. सेंटरचंही तेच. १९३७ पर्यंत प्रत्येक बास्केटनंतर मधोमध चेंडू उडवायचे, तिथे उंच माणूस लागायचा. तो नियम गेला, नाव राहिलं. इंग्रजीतच अर्थ झिजलेला, आपण त्याच्या सालीचं भाषांतर करतोय.

—

म्हणून तर आम्ही आकडे वापरतो. एक ते पाच: पॉइंट गार्ड एक, सेंटर पाच. फक्त ‘तो एक नंबर खेळतो’ म्हटलं की तो पॉइंट गार्ड खेळतो की झकास खेळतो, यावरून नवं भांडण सुरू. मॅजिक जॉन्सनच्या बाबतीत दोन्ही खरं. आणि त्याच मॅजिकने १९८० च्या अंतिम फेरीतल्या सहाव्या सामन्यात, संघाचा सेंटर करीम अब्दुल-जब्बार जखमी असताना, सेंटरच्या जागी उभं राहून ४२ गुण केले. एक नंबरवाला पाच नंबर खेळला आणि एक नंबर खेळला. २०२३-२४ पासून एनबीएने मोसमाचे सर्वोत्तम संघ निवडताना जागांची अटच काढून टाकली. आपण कुठे शब्द शोधत बसलोय?

—

मूळ प्रश्नाकडे येऊ. नाम शोधतोय म्हणून अडतोय. मराठीला इथे क्रियापद हवंय. धागा काढणाऱ्यांनी पहिल्याच परिच्छेदात न अडता लिहिलंय: ‘डॉन्चिच दिला आणि डेव्हिस घेतला’. देणं-घेणं. झालं काम.

—

झालं, पण त्या वाक्यात एक ‘ला’ गायब आहे. माणसाच्या नावाला आपण एरवी ‘ला’ लावतो. डॉन्चिचला दिलं, डेव्हिसला घेतलं. ‘ला’ काढला की माणूस पेटीत बसतो. निवडीला तो कधीच लागत नाही: ‘निवड दिली’. आणि वर साटंलोटं निघालंच आहे म्हणून सांगतो, ‘मुलगी दिली’लाही लागत नाही.

—

अरे! मी मुद्दाम नव्हतं तसं लिहिलं. आता जुने लेख काढून बघितले. जिथे संघाच्या फायद्यातोट्याचा हिशेब मांडलाय तिथे ‘ला’ सगळीकडे उडालाय. जिथे खेळाडू पत्रकारांसमोर बसून नवी जर्सी उचलून दाखवतोय तिथे ‘त्याला पाठवलं’, ‘त्याला कळवलं’ असं आपोआप आलंय.

शीर्षक ठरलं: ‘डॅलसने डॉन्चिच दिला’. खाली पहिलं वाक्य: ‘डॉन्चिचला हे मध्यरात्रीच्या सुमारास कळलं.’