जुन्या पुस्तकांत सापडणाऱ्या चिठ्ठ्या-कागदांचे काय करावे?

पानोपानी (प्रश्न)
वस्तीतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मी सुट्टीच्या दिवशी मदतीला जाते. आलेले गठ्ठे सोडणे, धूळ पुसणे आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने किंमत घालणे, असे माझे काम असते. प्रत्येक पुस्तक पूर्ण चाळल्याशिवाय कपाटात लावायचे नाही, असा मालकांचा दंडक आहे. त्यामुळे प्रवासाची तिकिटे, वर्तमानपत्रांची कात्रणे, वाळलेली फुले आणि क्वचित एखादे खासगी पत्र, असे जे काही आतून निघते ते प्रथम माझ्याच हाती येते. अलीकडे एका व्याकरणाच्या पुस्तकात, उसने घेतलेले पैसे हप्त्यांनी फेडण्याची मुदत मागणारे आणि पाठीमागे त्याच हप्त्यांची बेरीज मांडलेले पत्र मिळाले. आमचे एक नेहमीचे गिऱ्हाईक अशी पत्रे विकत घेऊन इंटरनेटवर प्रसिद्ध करू इच्छिते. असे कागद पुस्तकातच राहू द्यावेत, वेगळे काढावेत की विकावेत?

गल्ल्यामागून
मीही याच धंद्यात आहे. या प्रश्नाचे निम्मे उत्तर गठ्ठा विकत घेतानाच मिळवायचे असते. घर आवरताना वारसदार पुस्तके बहुधा न उघडताच बांधून देतात, म्हणून देणाऱ्याचा संपर्क वहीत टिपून त्या नोंदीचा क्रमांक गठ्ठ्यावर लिहून ठेवावा. प्रमाणपत्रे, छायाचित्रे, मालमत्तेचे किंवा बँकेचे कागद निघाल्यास ते कोणाकडे परत करायचे, हे त्यावरून कळते. ज्या कागदाचा त्या पुस्तकाशीच संबंध आहे, उदाहरणार्थ त्याच पुस्तकाच्या खरेदीची पावती, त्याच्या परीक्षणाचे कात्रण किंवा लेखकाने प्रतीसोबत पाठवलेली चिठ्ठी, तो मात्र त्या प्रतीपासून कधीही तोडू नये. प्रत कोणाकोणाच्या हातांतून गेली याचा तो पुरावा असतो आणि जाणकार ग्राहक त्याची किंमत मोजतो. राहता राहिली खासगी पत्रे. ती मी विकत नाही. त्यात कोणाची तरी अडचण उघडी पडलेली असते आणि ती माणसे किंवा त्यांची मुले आसपासच राहत असण्याचा संभव असतो.

जीर्णपत्र
कागद पुस्तकाशी संबंधित असला, तरी तो आहे तिथेच दाबून ठेवणे योग्य नव्हे. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या अशुद्ध लगद्यापासून बनतो. त्यातील लिग्निन हा लाकडाचा नैसर्गिक घटक; ते हवेने आणि उजेडाने पिवळे पडत जाते, कागद आम्लधर्मी होतो आणि ते आम्ल शेजारच्या पानांत उतरते. कात्रण काढल्यावर समोरासमोरच्या दोन्ही पानांवर त्याच्याच आकाराची तपकिरी सावली दिसते, ती याच कारणाने. ही सावली घरगुती उपायांनी जात नाही. टाचण्या आणि चापही काढून टाकावेत, कारण त्यांचा गंज पाने खातो. फुले-पाने डाग पाडतात आणि किडीला आमंत्रण देतात. म्हणून कोणत्या पानांमधून काय निघाले, हे शिसपेन्सिलीने लिहून तो कागद आम्लरहित पाकिटात घालावा आणि पाकीट पुस्तकाबरोबर द्यावे. पीव्हीसीचे प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी मात्र टाळावी. हल्लीच्या दुकानांतील थर्मल कागदाच्या पावत्यांची गोष्ट निराळी आहे: त्यांच्यावरील मजकूर उष्णतेने उमटलेला असतो आणि काळाबरोबर विरत जातो, तेव्हा पावती महत्त्वाची वाटल्यास तिची प्रत वेळीच काढावी.

कलमबहाद्दर
प्रसिद्ध करण्याचा मुद्दा राहून गेला आहे. पत्राचा कागद ज्याच्या मालकीचा, त्यालाच मजकूर छापण्याचा अधिकार असतो असे नाही. इंग्लंडच्या न्यायालयाने 1741 मध्ये कवी पोप विरुद्ध पुस्तकविक्रेता कर्ल या खटल्यात हा भेद स्पष्ट केला: पत्र मिळालेल्या माणसाची मालकी फार तर कागदावर असते, ते प्रसिद्ध करण्याची मुभा त्याला त्यामुळे मिळत नाही. पुढे अनेक देशांच्या कायद्यांत हेच तत्त्व आले. बहुतेक ठिकाणी हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरही किमान 50 वर्षे टिकतो आणि त्याच्या वारसांकडे जातो. तुमच्या गिऱ्हाइकाने कागद विकत घेतला, म्हणून मजकूर त्याचा होत नाही. नावे खोडून छापल्याने खासगीपणाचा प्रश्न काहीसा सुटेल, लेखनहक्काचा सुटणार नाही.

पानोपानी
सर्वांचे आभार. हे पत्र ज्या गठ्ठ्यातून आले, त्याची नोंद सुदैवाने मालकांच्या वहीत आहे, त्यामुळे ते देणाऱ्यांकडे परत पाठवण्याविषयी मी त्यांच्याशी बोलेन. एक उपप्रश्न राहतो: ज्या पुस्तकावर प्रकाशनवर्ष छापलेले नाही, त्याचे वय आतल्या तिकिटावरून ठरवता येईल का?

जीर्णपत्र
नाही. तिकिटावरची तारीख फार तर पुस्तक त्या सुमारास कोणाच्या तरी हातात होते, एवढेच सुचवते, आणि तिकीट जुने जपून नंतर खूण म्हणून घातलेले असले तर तेवढेही नाही. त्यापेक्षा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, पाहावा. तो छापलेला असेल तर ती प्रत साधारणपणे 1970 च्या अलीकडची असते, आणि केवळ दहा अंकीच असेल तर बहुधा 2007 पूर्वीची, कारण त्या वर्षापासून तेरा अंकी क्रमांक सुरू झाले.