तळणीचं तेल आणि तुपाची बेरी

घरातल्या काटकसरीवरच्या एका लेखात दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून रद्दीवाल्याला द्यायचं लिहिलंय ते पटलं, आम्हीही देतो. पण तळणीचं तेल गाळून पुन्हा पुन्हा तळायला वापरा, या त्यातल्याच सल्ल्याशी मात्र असहमत. तेल तापवत गेलं की त्यात ध्रुवीय संयुगं (तेल खराब होताना तयार होणारे घटक) वाढतात. ती २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नियम २०१८ पासून आहे. घरी कोण मोजणार? म्हणून मुळात लहान कढईत थोडंच तेल घ्यायचं आणि उरलेलं दोन-तीन दिवसांत फोडणीत संपवायचं. काळं पडलं, फेसाळायला लागलं की सरळ टाकायचं.

खरी बचत सायीत आहे. विरजण, ताक, लोणी, तूप सगळेच करतात, पण तूप कढवलेलं पातेलं थेट घासायला टाकणाऱ्यांचा मला राग येतो! त्यातच कणीक मळा, मोहन वेगळं लागत नाही. बेरीत थोडी साखर घातली की मुलं (आणि नवरेही) चमचा घेऊन हजर. आंबलेलं ताक पाणी घालून कढीपत्त्याच्या झाडाला.

गोधडीसाठी जुन्या साड्या सुतीच घ्या. सिंथेटिक साडी घाम शोषत नाही, शिवताना थरही सरकतात.