अनुभव धागा: मुलांसोबत शार्क रंगवणारे आईबाबा, आजीआजोबा, इकडे या

रेड अलर्टमुळे शाळेला सुट्टी, खाली ग्राउंडवर पाणी, आणि घरात साडेपाच वर्षांचे चिरंजीव. डायनासोर संपले, सध्या शार्क चालू आहेत. नेटवरून रंगवायची चित्रं काढून आणते, कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला आता मला बघितलं की विचारतो, "मासे का ताई?" प्रॉब्लेम असा की प्रत्येक शार्क एकाच निळ्या खडूने वरून खालपर्यंत घासला जातो, दोन मिनिटांत पान संपतं आणि लगेच "अजून दे". त्याला चित्रकार वगैरे करायचा नाहीये, एका पानावर जरा जास्त वेळ रमला तरी मला चहा गरम प्यायला मिळेल. तुमच्याकडे काय चाललं, कुठले रंग, कुठला कागद, सगळं लिहा. लांबलचक लिहिलं तरी चालेल.

वेसावकरीण
पहिलं म्हणजे तो निळा खडू लपवा 😄 आमच्या वेसाव्याला मुशी, म्हणजे शार्कच, पोरांनी टोपलीत बघितलेली असते, त्यामुळे माझ्या लेकीने नर्सरीत शार्क राखाडी-तपकिरी रंगवला तेव्हा बाई म्हणाल्या अगं समुद्रातला मासा निळा कर, तर ही म्हणते मुशी निळी नसते आणि अजिबात ऐकली नाही. पाठ राखाडी, पोट पांढरं, बस. हात लावून बघायला दिलं तर अजून मजा. मुशीच्या अंगावरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत लागतं आणि उलटा फिरवला तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत. त्यावरूनच आम्ही एक उद्योग करतो, चित्राच्या कागदाखाली खराखुरा पॉलिश पेपर ठेवायचा आणि वरून मेणखडू आडवा धरून घासायचा, कातडीचे बारीक दाणे आपोआप उमटतात. हार्डवेअरवाल्याकडे मिळतो, जाडसर नंबरचा घ्या, बारीक घेतला तर काहीच उमटत नाही. आत्ता मासेमारी बंदी आहे, ३१ जुलैपर्यंत, पण नंतर बोटी सुटल्या की पोराला घेऊन सकाळी मार्केटला या. कानमुशी (हॅमरहेड शार्क) मिळाली तर दाखवाच, डोक्याच्या दोन टोकांना दोन डोळे, ते बघितलेलं पोर चित्रात डोळा बरोबर जागी काढतं.

मालवणी_इन_लालबाग
शार्क म्हटल्यावर मला मोरीचं मटण (शार्कला आमच्याकडे मोरी म्हणतात) आठवलं आणि मी धागा उघडला. रंगवायचं आहे होय. चालू द्या.

खडू_आणि_डस्टर
दादरला लहान मुलांचे चित्रकलेचे क्लास घेते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

मूल पटकन पान संपवतं कारण त्याच्या दृष्टीने चित्रात एकच काम असतं, आतली जागा भरणे. तिथे दोन-तीन कामं दिसली की ते आपोआप रेंगाळतं. शार्कमध्ये ती कामं आयती आहेत. बहुतेक शार्कची पाठ गडद आणि पोट फिकं असतं, त्याला कारण आहे, वरून बघणाऱ्याला गडद पाठ खालच्या काळोख्या पाण्यात दिसत नाही आणि खालून बघणाऱ्याला फिकं पोट वरच्या उजेडात मिसळून जातं. हे मुलांना गोष्टीसारखं सांगायचं, "चल, याला आपण लपवूया". मग मूल स्वतःच विचारतं की गडद कुठपर्यंत आणायचं. अंगाच्या मधोमध एक वाकडीतिकडी रेष पेन्सिलीने हलकी मारून द्यायची, वर गडद, खाली कागद कोराच. पांढऱ्या खडूने पांढरा कागद घासत बसू नका, त्यापेक्षा पोटाच्या अगदी कडेला फिक्का राखाडी हलकाच फिरवला की पोट गोल वाटायला लागतं.

रेघा शार्कच्या लांबीच्या दिशेने, तोंडाकडून शेपटीकडे. मुलं कोपरापासून हात गोल फिरवतात, त्याने मासा पिंजारलेला दिसतो. त्यांना ओरडायचं नाही, कागदच तिरका करून द्यायचा, हात आपोआप वळतो. रंगीत पेन्सिली असतील तर आधी हलक्या हाताने एक थर, मग पाठीवर दुसरा, पहिल्याच फटक्यात दाबून घासलं तर वरचा रंग चढत नाही, कागद नुसता चकाकतो. राखाडी नुसता काळ्याने करू नका, निळ्यावर थोडा तपकिरी चढवा, जास्त जिवंत दिसतो. डोळा सगळ्यात शेवटी, त्यात एक छोटासा ठिपका कोरा ठेवून. आणि कल्ल्याच्या चिरा मोजायला लावा, बहुतेक शार्कना एका बाजूला ५ असतात. नेटवरच्या कितीतरी चित्रांत ३च काढलेल्या असतात, उरलेल्या मुलाला काढू द्या, मोठ्या माणसाची चूक पकडली म्हणून ते फारच खूश होतं.

टायगर शार्क द्यायचा असेल तर पट्टे पिल्लाचे ठळक आणि मोठ्याचे पुसट, वयानुसार ते फिके होत जातात. म्हणजे एकाच पानावर आई आणि पिल्लू काढता येतं. रंग तेच, दाब वेगळा.

कर्जत_लास्ट_डबा
कागदाचं मी सांगतो, माझा धंदाच प्रिंटिंगचा. नेहमीचा झेरॉक्सचा कागद ७० किंवा ७५ जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप, जास्त म्हणजे जाड) असतो, त्यावर मेणखडू आणि पेन्सिल ठीक, वॉटर कलर लावला की पुरी फुगते तसा फुगतो. पाण्याचे रंग द्यायचे असतील तर झेरॉक्सवाल्याला कार्डशीटवर काढून द्या म्हणायचं, मशीन घेत असेल तर २०० च्या आसपासचं. दुसरं, घरच्या इंकजेट प्रिंटरच्या काळ्या रेघा बहुतेक वेळा पाणी लागलं की पसरतात, झेरॉक्स किंवा लेझरचा टोनर पसरत नाही, म्हणून घरी प्रिंटर असला तरी शार्कचं पान खाली दुकानातच काढतो. स्केच पेन मागच्या बाजूला फुटतात, खाली रद्दी ठेवा नाहीतर डायनिंग टेबलावर कायमचा शार्क.

आणि अगदी लहानांना, दोन-तीन वर्षांच्या, दातबित असलेलं बारीक नक्षीकामाचं चित्र देऊ नका हो, एका पानावर एकच मोठा मासा, जाड रेघ.

धागाकर्ती
बापरे, किती छान लिहिताय सगळे. पाठ-पोट प्रकरण आत्ताच करून बघितलं, "लपव त्याला" म्हटल्यावर पठ्ठ्याने आजूबाजूचं पाणी पण काळं केलं, म्हणजे आता शार्कच दिसत नाहीये, पण चहा गरम प्यायले. खडू_आणि_डस्टर ताई, त्याला तो ठिपकेवाला मोठा शार्क हवाय, व्हेल शार्क. ते ठिपके काळ्या पाठीवर पांढरे कसे काढायचे?

खडू_आणि_डस्टर
सोपं आहे आणि मुलांना जादूच वाटते. आधी पांढऱ्या ऑइल पेस्टलने ठिपके दाबून काढायचे, कोऱ्या कागदावर दिसणार नाहीत, ट्यूबलाइटखाली कागद तिरका धरला की चमक दिसते. मग वरून निळा-राखाडी वॉटर कलर पातळ करून मोठ्या ब्रशने एकदाच फिरवायचा. मेणावर पाणी बसत नाही, ठिपके उजळून वर येतात. ब्रश परत परत घासायचा नाही. ठिपके कुठेही फेकू नका, त्यांच्यामध्ये फिक्या आडव्या-उभ्या रेघा असतात, चौकटी पडल्यासारख्या. प्रत्येक व्हेल शार्कची ठिपक्यांची रचना वेगळी असते आणि संशोधक फोटोवरून तो ओळखतात. आपल्या शेजारी गुजरातच्या किनाऱ्याला हे येतात, पूर्वी त्यांची शिकार व्हायची, २००१ मध्ये कायद्याने संरक्षण मिळालं. एवढा अजस्र मासा पण खातो प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) आणि बारीकसारीक मासे, म्हणून तोंड उघडं काढलं तरी त्यात मोठे त्रिकोणी दात काढायचे नाहीत. यावरून क्लासमध्ये नेहमी भांडण होतं.

अंधेरीचा_बाबा
थोडं वेगळं लिहितो. आमच्या मुलाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, हे आम्हाला कळलंच मुळी रंगवण्यातून. राखाडी म्हणून गुलाबी खडू उचलायचा, तपकिरीच्या जागी हिरवा. एकदा अख्खा गुलाबी शार्क केला आणि बिल्डिंगमधली मुलं हसली. डॉक्टरांनी सांगितलं जन्मतःच आहे, मुलांमध्ये मुलींपेक्षा बरंच जास्त दिसतं, आईकडून येतं (यावर आमच्या घरात जे झालं ते जाऊ दे). मग आम्ही दोन गोष्टी केल्या. प्रत्येक खडूच्या कागदावर मार्करने मराठीत नाव लिहिलं, राखाडी, गुलाबी, तपकिरी, तो वाचून उचलतो. आणि दुसरं, खोल समुद्रात गॉब्लिन शार्क नावाचा खरोखर गुलाबी शार्क असतो, कातडीतून रक्तवाहिन्या दिसतात म्हणून गुलाबी, त्याचा फोटो काढून दिला. तो फोटो घेऊन तो बिल्डिंगभर फिरून आला. वर त्याला कुठूनतरी कळलंय की बऱ्याच शार्कना स्वतःलाच रंग दिसत नसावेत असं शास्त्रज्ञ म्हणतात, त्यामुळे आता तो आम्हालाच ऐकवतो.

गिरगावचे_आजोबा
माझा मुलगा लहान असताना तारापोरवाला मत्स्यालयात नेऊन काचेसमोर वही देऊन बसवायचो. १९५१ साली सुरू झालेलं, आता बंद आहे. नातीसाठी चित्रं निवडताना मी आधी शेपटी बघतो. शार्कची शेपटी उभी असते, डावी-उजवीकडे हलते, डॉल्फिनची आडवी, वर-खाली हलते. शार्क म्हणून छापलेल्या चित्रांत आडवी शेपटी असते तेव्हा मी ते पान डॉल्फिनच्या गठ्ठ्यात टाकतो. रंग नातीचा, निवड माझी, असा आमचा करार आहे. काल तिने हॅमरहेडला नऊवारी नेसवली, जांभळी, काठ पिवळे. करारात बसतं, मी काही बोललो नाही.

खाडीकाठ_ऐरोली
पावसाळ्यातलं एक. हवा इतकी दमट असते की वॉटर कलर तासभर ओला राहतो, मुलं त्यावर हात ठेवतात. फॅनखाली ठेवताना कागदाचे चारही कोपरे चिकटपट्टीने पुठ्ठ्यावर लावा, वाकडा होत नाही. ओल्या निळ्या पाण्यावर मीठ भुरभुरलं की छान बुडबुड्यांसारखे डाग पडतात, पण या हवेत मीठच ओलं असतं, तव्यावर जरा गरम करून घ्या. वाळल्यावर झटकायचं, आणि ते गॅलरीत झटका, पंख्याखाली नको.

धागाकर्ती
मीठ तव्यावर टाकलंय. कार्डशीट खालच्याकडे नाहीये, अब्दुल रहमान स्ट्रीटला जायचं का दादरलाच मिळेल? आणि सुटी पानं देतात का पूर्ण पॅकेटच घ्यावं लागतं?

कर्जत_लास्ट_डबा
दादर स्टेशनजवळच्या स्टेशनरीवाल्यांकडे सुटी मिळतात, विचारून बघा. अब्दुल रहमान स्ट्रीट होलसेल, तिकडे पॅकेट घेतलंत तर स्वस्त पडेल. पाऊस थांबला की जा आणि येताना प्लास्टिकची पिशवी डबल मागून घ्या.