घोटा दिवसा बरा, रात्री ठणकतो, एमआरआयमध्ये ट्यूमर लिहिलंय... कुणाला अनुभव?

प्रश्न (अशोक चौक, सोलापूर):
नमस्कार मंडळी, मुलगा १७ वर्षांचा आहे, कबड्डी खेळतो. आठ महिने झाले उजवा घोटा दुखतोय, आधी मुरगळलाय म्हणून क्रेप बँडेज, मग शेक, मग एकांनी प्लास्टर पण घातलं, एक्स-रे नॉर्मल. दिवसा चालतो-फिरतो पण रात्री दोनला उठून पाय पोटाशी धरून बसतो, दुखण्याची गोळी दिली की अर्ध्या तासात झोपतो. आता एमआरआयमध्ये घोट्याच्या टॅलस हाडात सूज आणि ‘ट्यूमरची शक्यता’ आलंय. तेव्हापासून जेवण जात नाही. कॅन्सर असेल का हो?

जुळे सोलापूर:
ताई, धीर धरा. मला २१ व्या वर्षी सेम असंच होतं, ऑस्टिऑइड ऑस्टिओमा निघाला. नाव भयंकर वाटतं पण ती साधी गाठ असते, पसरत नाही. आत ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका असतो, त्याला नायडस म्हणतात, तिथं प्रोस्टाग्लँडिन (दुखणं वाढवणारं रसायन) फार तयार होतं म्हणून रात्री ठणका आणि गोळीनं लगेच आराम. पण रोज गोळी नका देऊ, माझं पोट बिघडलं होतं.

सीटी टेक्निशियन:
एमआरआयमध्ये आजूबाजूची सूजच एवढी दिसते की ठिपका त्यात हरवतो. बारीक स्लाइसचा सीटी करून घ्या, नायडस त्यातच नीट दिसतो, साधारण दीड-दोन सेंटीमीटरच्या आत असतो. मात्र हाडातलं इन्फेक्शन, टीबी, बारीक फ्रॅक्चर पण असंच दिसू शकतं, म्हणून रिपोर्ट ऑर्थोला (हाडांच्या डॉक्टरांना) दाखवल्याशिवाय काही ठरवू नका.

जुळे सोलापूर:
हो, आणि आरएफए (रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशन, म्हणजे सुईनं गाठ जाळणं) बद्दल विचारा. सीटीत बघत बघत सुई ठिपक्यात घालतात आणि टोक ९० अंशाला पाच-सहा मिनिटं तापवतात. भूल देऊनच करतात, माझा एवढासा टाका होता आणि दुसऱ्या रात्री मी सकाळपर्यंत झोपलो, आई दोनदा उठून बघून गेली म्हणे. पावलात कातडी आणि नसा अगदी जवळ असतात, भाजायची भीती असते, म्हणून पावलाच्या केसेस केलेलाच डॉक्टर बघा. सुई जाण्यासारखी जागा नसेल तर ऑपरेशन करून खरवडून काढतात. कधीकधी परत होतो, तेव्हा दुखलं तर अंगावर काढू नका.

अशोक चौक:
सीटी झाला, ७ मिलिमीटरचा ठिपका सापडला!! ऑर्थो म्हणाले तुमचा अंदाज बरोबर. आरएफएच्या वेळीच तुकडा तपासायला पाठवणार आहेत. सोमवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला निघतोय. काल रात्री पण दोनला उठला, पण मी पहिल्यांदाच त्याला सांगू शकले की बाळा, कशानं दुखतंय ते कळलंय.