शब्दचर्चा: लहान मेंदू, गाठी आणि दळणवळण

जास्वंद: एक लेख मराठीत आणतेय. बेसल गँग्लिया (मेंदूत खोलवर असतात त्या) आणि सेरेबेलम यांचा आपसांत संपर्क कसा होतो, हा विषय. शाळेतलं 'अनुमस्तिष्क' वापरलं तर वाचक पळेल. गँग्लियाला काय म्हणू? आणि 'संवाद' की 'दळणवळण'?

तात्या: बिनधास्त 'लहान मेंदू' लिहा. सेरेबेलम हे लॅटिन 'सेरेब्रम'चंच लघुरूप आहे, अर्थ तोच. मात्र मूर्ती लहान पण कीर्ती महान: माणसाच्या मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज तिथेच आहेत. गँग्लियाला सरळ 'गाठी' म्हणा, ग्रीक अर्थ तोच.

वैद्यबुवा: 'गाठी' नको हो! मेंदूत गाठ म्हटलं की नातेवाइकांचा धीर सुटतो. शिवाय मूळ नावच चुकलंय. गँग्लियन म्हणजे मेंदू-मज्जारज्जूच्या बाहेरचा पेशीपुंज, आतल्याला न्यूक्लियस म्हणतात. त्याला 'केंद्रक' म्हणावं तर तो शब्द पेशीच्या केंद्रकाने अडवलेला. बेसल गँग्लियाच ठेवा.

'दळणवळण'ला माझं मत. संवाद म्हटलं की समोरासमोर बसल्यासारखं वाटतं. इथे वाटेत गाडी बदलावी लागते. माकडांत रेबीजचा विषाणू वापरून हे शोधलं. तो चेतापेशींतून संदेशाच्या उलट दिशेने सरकतो, म्हणून संदेश निघाला कुठून ते कळतं. २००५ मध्ये लहान मेंदूतून थॅलॅमसमार्गे (मेंदूच्या मध्यभागातलं संदेश पुढे पाठवणारं ठाणं) बेसल गँग्लियापर्यंतची वाट दिसली, २०१० मध्ये परतीची, मेंदूच्या देठातल्या पॉन्समार्गे. पॉन्स म्हणजे लॅटिनमध्ये पूलच.

तात्या: आणि माणसांत?

वैद्यबुवा: माणसाला रेबीज कोण टोचणार! तिथे एमआरआयवर पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजून तंतूंच्या वाटांचा अंदाज बांधतात. वाट दिसते, पण वाहतूक कुठून कुठे चाललीय ते त्यातून कळत नाही. म्हणून माणसांच्या परिच्छेदात 'जोडणारे मार्ग' लिहा, 'दळणवळण' माकडांच्या परिच्छेदात.

जास्वंद: पटलं. शीर्षकातला 'संवाद' आत्ताच खोडला. थॅलॅमस म्हणजे ग्रीकमध्ये आतली खोली ना? 'माजघर' लिहायचा फार मोह होतोय.

तात्या: कंसात लिहा. एकदाच.