अन्ननलिकेतील दाब : ‘शिथिलीकरणाचा’ की ‘उरलेला’?

प्रश्न (इंदूर)
आपल्या शहरात डॉक्टरांशी बोलणे हिंदीतून होते, अहवाल इंग्रजीतून येतो आणि घरातील वडीलधाऱ्यांना तो मराठीतून समजावून सांगावा लागतो. अशा कुटुंबांसाठी आम्ही अन्ननलिकेच्या मॅनोमेट्रीच्या, म्हणजे दाबमापनाच्या, अहवालातील शब्दांचे टिपण तयार करत आहोत. त्यात ‘आयआरपी’साठी आम्ही ‘एकात्मिक शिथिलीकरण दाब’ असे लिहिले होते. मात्र आकड्यापुढे ‘वाढलेला’ असा शेरा असला की शिथिलीकरण चांगले झाले, असा उलटा अर्थ वाचणारे काढतात. दुसरा शब्द सुचवावा.

उत्तर
ताई, त्या शब्दरचनेतून तोच अर्थ निघतो, त्यामुळे वाचणाऱ्यांकडे दोष जात नाही. घोट गिळल्यावर अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेले स्नायूंचे कडे सैल व्हावे लागते. घोट सुरू झाल्यापासूनच्या १० सेकंदांत ते ज्या ४ सेकंदांत सर्वांत सैल असते (हे सेकंद सलग असतीलच असे नाही), त्या वेळी तेथे जठराच्या तुलनेत किती दाब शिल्लक राहिला, त्याची सरासरी म्हणजे हा आकडा. कडे जितके कमी सैल होईल, तितका आकडा मोठा; अकॅलेशियात, म्हणजे हे कडे नीट सैल न होण्याच्या आजारात, तो वाढतो तो याच कारणाने. म्हणून ‘उरलेला दाब’ हा साधा शब्द मला सर्वांत योग्य वाटतो. शास्त्रीय लेखनात ‘अवशिष्ट दाब’ चालेल, पण घरी वाचायच्या टिपणात तो कशासाठी?

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आकड्याजवळ उपकरणाचा प्रकार आणि रुग्णाची स्थिती लिहिल्याशिवाय ‘वाढलेला’ हा शब्द वापरूच नये. शिकागो वर्गीकरण म्हणजे अशा दाबमापनाचा अर्थ लावण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत. तिच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या आवृत्तीत, रुग्ण आडवा असताना एका उत्पादकाच्या दाबमापक नळीसाठी १५ आणि दुसऱ्या प्रकारच्या नळीसाठी २२ मिलिमीटर पारा अशी वरची मर्यादा धरली आहे. बसून घेतलेल्या घोटांसाठी याच मर्यादा अनुक्रमे १२ आणि १५ अशा उतरतात. म्हणजे आडव्या स्थितीतील १८ हा आकडा एका नळीवर वाढलेला ठरतो आणि दुसऱ्या नळीवर मर्यादेत बसतो. पाणी सोडून दाब मोजणाऱ्या जुन्या पद्धतीच्या नळ्यांच्या मर्यादा आणखी वेगळ्या असतात. दोन ठिकाणचे अहवाल शेजारी ठेवून ‘दाब ३ ने उतरला’ असा आनंद मानणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांना कोणी सावध केले नाही याचे मला फार वाईट वाटते.

दुसरे उत्तर
‘उरलेला दाब’ मलाही मान्य आहे. आपल्याकडे ‘झडप’ हा शब्द मात्र सर्रास वापरतात, तो टिपणातून काढावा. झडप म्हटल्यावर उघडमीट करणारे पान डोळ्यांपुढे येते. येथे मात्र आवळणारे आणि सैल होणारे वलय आहे. वर वापरलेले ‘स्नायूंचे कडे’ ठेवावे. हिंदीतील ‘ग्रासनली’ही अनेक घरांत रुळली आहे, तेव्हा ‘अन्ननलिका’ या शब्दाजवळ ती एकदा नोंदवून ठेवावी.

प्रश्नकर्तीचे पुन्हा
काका, आभार. बेरियमच्या (क्ष-किरणांत दिसणारे द्रव पाजून केलेल्या) तपासणीतील उंची, फुगा घालून केलेले मापन आणि एकार्ट स्कोअर यांना काय म्हणावे? स्कोअरसाठी आम्ही ‘गुण’ लिहिले आहे.

उत्तर
‘गुण’ नको. शाळेपासून आपल्या मनात जास्त गुण म्हणजे चांगले, हे पक्के बसलेले असते. एकार्टच्या मोजणीत गिळण्याचा त्रास, छातीतील दुखणे, अन्न वर येणे आणि वजन घटणे या चार तक्रारींना प्रत्येकी ० ते ३ अंक मिळून एकूण ० ते १२ होतात, आणि अंक वाढला की त्रास वाढलेला असतो. ‘त्रासांक’ हा शब्द नवा आहे, पण तो कोणालाही फसवत नाही.

बेरियमसाठी नवी संज्ञा लागत नाही: ‘१, २ आणि ५ मिनिटांनी उरलेल्या बेरियमच्या स्तंभाची उंची, सेंटीमीटरमध्ये’ असे सरळ लिहावे. फुग्याच्या मापनात, ज्याला फ्लिप म्हणतात, दिशा उलटी होते. तेथे छेदाचे क्षेत्रफळ भागिले दाब, असा निर्देशांक काढतात. त्याला ‘ताणक्षमता’ म्हणावे. हा आकडा २ पेक्षा खाली गेला, तर कडे नीट उघडत नसल्याची शंका बळावते. एकाच अडचणीत उरलेला दाब वर जातो आणि ताणक्षमता खाली येते, म्हणून टिपणात प्रत्येक संज्ञेखाली ‘मोठा आकडा म्हणजे काय’ ही ओळ हवीच.

‘गिळण्यास त्रास’ हाही मोघम प्रयोग वाटतो. घोट घेताच ठसका लागणे आणि गिळलेला घास छातीत अडकणे या तक्रारी वेगळ्या लिहाव्यात, कारण पहिलीसाठी घशाची चलचित्र क्ष-किरण तपासणी किंवा दुर्बिणीने पाहणी करतात, तर दुसरीसाठी आधी एंडोस्कोपी आणि तीत अडथळा न दिसल्यास दाबमापन सांगतात. टिपणाचा मसुदा झाला की येथे द्यावा. दाबाच्या ओळी मी तपासून देईन.