मदत हवी आहे: आईची हाडं ठिसूळ झालीयेत, अँटीऑक्सिडंटच्या कॅप्सूल द्याव्यात का?

नमस्कार मंडळी, आईसाठी विचारायचंय. वय ६३, सांगलीला असते. मागच्या महिन्यात अंगणात पाय घसरून मनगट मोडलं, मग डॉक्टरांनी डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करायला लावला तर खुब्याचा टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत घनता किती ते सांगणारा आकडा) उणे २.७ आला. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार धरतात. कॅल्शियम, डी व्हिटॅमिन आणि आठवड्यातून एकदा अ‍ॅलेंड्रोनेट (हाडांची झीज कमी करणारी गोळी) सुरू केलंय, ते चालूच राहणार, त्यात काही शंका नाही.

पण मामीने "हाडांना अँटीऑक्सिडंट पाहिजेतच" म्हणून कॅप्सूलची मोठी बाटली आणून दिलीये आणि आईचा मामीवर फार विश्वास. लेबल नीट वाचलं तर दिवसाच्या दोन कॅप्सूलमध्ये व्हिटॅमिन ई ४०० आययू, सी ५०० मिलिग्रॅम आणि व्हिटॅमिन ए १५०० मायक्रोग्रॅम, तेही रेटिनॉलच्या म्हणजे थेट, तयार व्हिटॅमिन ए च्या रूपात. हे बघून मला काळजी वाटायला लागलीये.

मामीचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाहीये हे कळतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, त्याबरोबर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (पेशींना इजा करणाऱ्या घटकांचा भार, अँटीऑक्सिडंट तोच कमी करतात) वाढतो, मग हाड झिजवणाऱ्या पेशी जोर धरतात आणि बांधणाऱ्या मागे पडतात. सी शिवाय कोलॅजन नीट तयार होत नाही आणि कॅल्शियम बसतं ते त्या कोलॅजनच्या जाळ्यावरच, म्हणजे नुसतं कॅल्शियम देऊन भागत नाही हे पटतं. पण अमेरिकेतल्या नर्सेसच्या मोठ्या अभ्यासात (२००२) रोज २००० मायक्रोग्रॅमच्या वर रेटिनॉल जाणाऱ्या बायकांमध्ये खुब्याची फ्रॅक्चर्स जास्त दिसली, गाजर-भोपळ्यातल्या बीटा कॅरोटीनने (ज्यातून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं) मात्र तसं दिसलं नाही. आणि २०१२ मध्ये जपानी संशोधकांना उंदरांमध्ये जास्तीच्या ई ने हाड झिजताना दिसलं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य, पण हाडं आधीच एवढी नाजूक असताना ही जोखीम कशाला घ्यायची?

त्यापेक्षा खाण्यातून द्यावं असं मला मनापासून वाटतं. आवळा, पेरू, शेवग्याचा पाला, तेलात शिजवलेला टोमॅटो हे ती आवडीने खाते. प्रून्सबद्दलही (सुकवलेले आलूबुखार) वाचलं, २०२२ च्या अमेरिकन अभ्यासात पाळी गेलेल्या बायकांनी वर्षभर रोज ५० ग्रॅम म्हणजे पाच-सहा खाल्ले तर खुब्याची घनता टिकली, न खाणाऱ्यांची घटली. पण आईला डायबेटिस आहे, गोळी चालू आहे, तर पाच-सहा प्रून्स चालतील का, कोणी शुगर तपासत खाल्लेत का?

अजून एक, ती सकाळी उठल्याउठल्या आवळ्याचा रस घेते. अ‍ॅलेंड्रोनेट तर उपाशीपोटी फक्त साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही, म्हणून गोळीच्या दिवशी रस नाश्त्यानंतर ठेवलाय.

बुधवारी डॉक्टरांकडे जायचंय, बाटली घेऊनच जाणार आहे, तोपर्यंत कॅप्सूल बंद ठेवल्यात. कोणाच्या घरी अ‍ॅलेंड्रोनेटसोबत अशा कॅप्सूल चालू होत्या का, डॉक्टरांनी काय सांगितलं? डॉक्टरांना नेमकं काय विचारू तेही सुचवा. आणि मामीला न दुखवता आईला कसं समजवायचं हे कोणी सांगितलं तर फारच बरं होईल.